मोती चार्जिंगला लावलाय

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात सध्या कुत्र्यांच्या दोन जाती आहेत. पहिली गल्लीतली. ही रात्री दोन वाजता भुंकते, दुचाकीच्या मागे लागते, नव्या गाडीच्या टपावर ऊन खाते आणि कोणाचीही 'ना हरकत' न घेता पिल्ले घालते. दुसरी फ्लॅटमधली. नाव घेतले की शेपूट हलवते, टाळी वाजवली की बसते, डोक्यावरून हात फिरवला की निळे डोळे मिचकावते आणि बॅटरी उतरली की तसे इंग्रजीत कळवते. ही जात खोक्यातून येते.

सोय पाहा. खायला घालायचे नाही, इंजेक्शन नाही, जिन्यात घाण नाही. पाहुण्यांना चावत नाही, म्हणजे पाहुणे घालवायला उपयोग नाही, एवढाच काय तो दोष. खोक्यावर छापलेले असते : मुलांमध्ये माया वाढते, जबाबदारीची जाणीव येते, स्क्रीनपासून सुटका होते. आणि त्याखाली, जरा बारीक अक्षरांत : सुरू करण्यासाठी मोबाइलवर अ‍ॅप डाउनलोड करा.

हा प्राणी बदलापूरसाठीच जन्माला आला असावा. इथून सीएसएमटी ६८ किलोमीटर. सकाळची ठरलेली लोकल धरायची तर बाप मूल उठायच्या आत घर सोडतो, आणि संध्याकाळी फलाटावरच्या घोषणेने दिलगिरी व्यक्त केली की मूल झोपल्यावर पोचतो. आईची लोकल वेगळी, हाल तेच. मधल्या वेळात पोराला सोबत हवी. दुसरे मूल होऊ द्यावे तर पहिल्याचीच फी हप्त्याने चालली आहे. आजी-आजोबांना गावाहून आणावे तर सहाव्या मजल्यावर त्यांचा जीव रमत नाही. खरा कुत्रा आणावा तर त्याला फिरवणार कोण? मग एखाद्या सेलमध्ये 'मोती' येतो. त्याला फिरवावे लागत नाही. सोफ्याला धडकेपर्यंत तो आपला आपण फिरतो.

नाव तेवढे सांभाळून ठेवावे. २०२५च्या आयपीएलमध्ये मैदानावर बागडणाऱ्या यंत्रकुत्र्याला 'चंपक' नाव दिले, तर त्याच नावाचे मुलांचे जुने नियतकालिक काढणारे प्रकाशक थेट दिल्ली उच्च न्यायालयात गेले. मोती नावाच्या गावठी कुत्र्यांनी अजून दावा लावलेला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

आता अशा प्राण्यावर सोसायटीची सभा भरली नसती तरच नवल. 'पाळीव प्राण्यांना लिफ्टमध्ये मज्जाव' असा आमच्याकडे एक जुना ठराव आहे. प्राणी कल्याण मंडळाने असल्या मनाईविरुद्ध सोसायट्यांना २०१५ मध्येच समज दिली होती. पण ठराव करायचा असतो, काढायचा नसतो. तर एक चिरंजीव बगलेत मोती घेऊन लिफ्टमध्ये शिरले आणि चौथ्या मजल्यावरच्या काकांनी दार अडवले.

"प्राणी आहे का तो?"

"नाही काका, खेळणं आहे."

"मग भुंकतो कशाला?"

विषय सभेपुढे आला. भुंकतो तो प्राणी, अशी व्याख्या एकाने सुचवली. चेअरमन साहेबांनी ती तातडीने फेटाळली; वार्षिक सभेतल्या निम्म्या सभासदांना लिफ्ट बंद झाली असती. शेवटी ठरले की लिफ्टमध्ये नेताना मोतीचा स्विच बंद ठेवावा. पोटाखाली स्विच असतो हे कळल्यावर मात्र सगळी सभा क्षणभर हळवी झाली. जो तो मनातल्या मनात कोणाकोणाच्या पोटाखाली हात घालून पाहत होता. ठराव एकमताने मंजूर. जिन्यात झोपलेली कुत्री तटस्थ राहिली.

त्या कुत्रीला कमी लेखू नये. २०१९च्या जुलैत उल्हास नदी काठ सोडून आमच्या वस्तीत शिरली आणि बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकून हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. त्यानंतर पूररेषा नक्की कुठून जाते यावर नगरपालिका, बिल्डर आणि रहिवासी अशी त्रिस्थळी यात्रा सुरू झाली. कुत्र्यांना नकाशा लागत नाही. पाणी पार्किंगला लागायच्या आत ती पिल्लांसकट पहिल्या मजल्याच्या जिन्यात असतात. मोतीच्या पोटावर मात्र सूचना चिकटवलेली आहे : पाण्यापासून दूर ठेवा. हेंद्रेपाड्यात!

या वंशाचा मूळपुरुष जपानी. १९९६ साली बांदाई कंपनीने तामागोची काढले. अंड्याएवढे यंत्र, त्याच्या इवल्या पडद्यावर एक पिल्लू. वेळच्या वेळी बटण दाबून भरवले नाही, त्याची घाण काढली नाही, तर ते चक्क मरायचे. वर्गात बाकाखाली हात घालून पोरे त्याला जगवू लागली, तेव्हा देशोदेशीच्या शाळांनी बंदी घातली. खेळणे दुष्ट होते, पण प्रामाणिक. हयगय केली तर जीव जातो, एवढे त्याने लपवले नाही. मोतीची कितीही हयगय करा, तो मरत नाही, रुसत नाही, अंग टाकत नाही. आठ दिवसांनी चार्जर लावला की पहिल्याइतक्याच प्रेमाने शेपूट हलवतो. आईबापांना खरे तर असेच मूल हवे होते.

मग १९९९ साली सोनीने आयबो आणला. किंमत अडीच लाख येन, जपानसाठी ठेवलेले ३,००० नग वीस मिनिटांत संपले. २००६ मध्ये उत्पादन थांबले, २०१४ मध्ये कंपनीने दुरुस्तीही बंद केली. म्हाताऱ्या मालकांचे म्हातारे कुत्रे एकेक करून बंद पडू लागले. तेव्हा चिबा प्रांतातल्या इसुमी गावी कोफुकुजी नावाच्या शेकडो वर्षे जुन्या बौद्ध मंदिरात त्यांचे अंत्यविधी होऊ लागले. वेदीवर यंत्रकुत्रे ओळीने मांडलेले, प्रत्येकाला नावगावाची चिठ्ठी, पुढे उदबत्ती, भटजींचे मंत्र. विधी झाला की सोनीतून बाहेर पडलेले जुने इंजिनिअर त्यांचे चांगले भाग काढून दुसऱ्या आजारी आयबोंना बसवत. आपल्याकडे अवयवदानासाठी अजून प्रभातफेऱ्या काढाव्या लागतात. २०१८ साली नवा आयबो आला, तो कुत्र्याची किंमत अधिक वर्गणी अशा हिशेबाने. आपल्याला वर्गणी फक्त गणपतीची ठाऊक, आणि तीसुद्धा द्यायला मंडळाला तीनदा बेल वाजवावी लागते.

आमचे कोफुकुजी उल्हासनगरला आहे. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद ज्या शहराने साऱ्या देशाला पुरवला, तिथे मोबाइल उघडणाऱ्याला कुत्रा उघडायला कितीसा वेळ लागणार? मंत्र नसतात, उदबत्ती त्याने सकाळी गल्ल्यापाशी लावलेलीच असते. स्क्रू काढतो, आत फुंकर मारतो, कुठलीशी वायर कुठेशी जोडतो आणि मोती उठतो. क्वचित रिव्हर्स घेणाऱ्या मोटारीचा आवाज काढतो, पण उठतो.

मोतीची खरी करामत मात्र वेगळी. तो कान देतो. १९९९च्या जानेवारीत बातमी आली की अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे परक्यांचे फोन ऐकण्यावर जिचे पोट आहे त्या संस्थेने, आपल्या कचेरीत फर्बी नावाचे केसाळ बाहुले आणायला मनाई केली आहे. का? तर ते इथले ऐकून बाहेर बोलेल. बिचाऱ्या फर्बीला रेकॉर्डिंग येतच नव्हते. पुढच्या पिढ्या शिकल्या.

क्लाउडपेट्स नावाची मऊ अस्वले आणि मांजरे अमेरिकेत निघाली होती. कामावर गेलेल्या आईबापांनी फोनमध्ये निरोप बोलायचा, घरी तो अस्वलाच्या पोटातून मुलाला ऐकू यायचा, मुलाने अस्वलाला धरून उत्तर द्यायचे. मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकणाऱ्या बापासाठी याहून नामी खेळणे कोणते? २०१७च्या फेब्रुवारीत उघड झाले की आठ लाखांवर खात्यांची माहिती इंटरनेटवर पासवर्डशिवाय पडली होती आणि वीस लाखांच्या घरातले निरोपही त्याच वाटेने परक्यांच्या हाती लागू शकत होते. 'बाबा, तुम्ही कधी येणार?' हे बाबांखेरीज बाकीच्यांनाही ऐकायची सोय झाली. त्याच महिन्यात जर्मनीने 'केयला' नावाची बोलकी बाहुली लपवलेले हेरयंत्र ठरवली आणि ती नष्ट करा म्हणून पालकांना सांगितले. ज्या देशाने हेरगिरी घराघरांत पाहिली आहे, त्याला बाहुलीचा संशय लवकर येतो.

आपले सरकारही झोपलेले नाही. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. डोळा उपटून तोंडात जातो का, रंगात शिसे आहे का, तार उघडी पडते का, हे तपासले जाते. मुलाने खेळण्याचे काही गिळू नये, ही व्यवस्था झाली. खेळण्याने मुलाचे काही गिळू नये, यासाठी २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळलेली संमती हवी. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधने लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची सवड घेऊन आले. संमती कशी दिली जाते, ते मी डोंबिवली आणि कल्याणच्या दरम्यान पाहिले आहे. एका हाताने वरची कडी, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने 'आय अ‍ॅग्री'. पडताळणी म्हणाल, तर खांद्यावर हनुवटी ठेवून उभ्या असलेल्या मागच्या प्रवाशाने सगळ्या अटी वाचल्या असतील.

आमच्या मजल्यावर एक नागपूरकर बिऱ्हाड आहे. त्यांच्या माळ्यावर लाकडी नंदी आहे : चार चाके, एक दोरी, शिंगांना बेगड. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. ही प्रथा दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली सुरू केली, असे नागपूरकर अभिमानाने सांगतात. तेव्हापासून नंदीला एकही अपडेट आलेले नाही. तो डोळे मिचकावत नाही, कान देत नाही, ओढला नाही तर जागचा हलत नाही. पण त्याला सजवून पोरांनी घरोघर न्यायचा असतो आणि दारात उभे राहून बोजारा मागायचा असतो. म्हणजे हे खेळणे पोराला घराबाहेर काढते, शेजारपाजाऱ्यांची दारे वाजवायला लावते आणि वर त्यांच्याकडून पैसे उकळते. असले घातक खेळणे फ्लॅट संस्कृतीत चालायचे नाही. मोती पोराला घरात ठेवतो आणि पैसे उकळायचेच झाले तर ऑटो-पेने उकळतो. नंदी म्हणूनच माळ्यावर आहे.

गेल्या महिन्यात एका मोतीची बॅटरी फुगली आणि उल्हासनगरनेही हात टेकले. ई-कचऱ्याच्या २०२२च्या नियमांत खेळण्यांचीही गणना आहे. पण सकाळी खाली येते ती घंटागाडी, आणि तिचा प्रश्न एकच : ओला की सुका? सेक्रेटरींनी विचारपूर्वक सांगितले, "मेल्यावर सुका." घंटागाडीवाला भला माणूस. त्याने मोतीची बॅटरी काढून सेक्रेटरींच्या हातावर ठेवली आणि मोतीला गाडीच्या पुढच्या जाळीवर सुतळीने बांधला, एका डोळ्याचे टेडी आणि हात तुटलेली बाहुली यांच्या मधोमध.

आता गाडी आली की गल्लीतली सगळी कुत्री जाळीकडे बघून भुंकत तिच्यामागे धावतात, आणि कुत्र्यांमागे मोतीचा जुना धनी धावतो. पार नाक्यापर्यंत. चप्पल घालायचेही भान नसते. परवा तर ढोपर फोडून आला आणि हसत होता. आईने घाबरून नवा मोती मागवला. "निदान घरात तरी राहील पोरगा," असे वहिनी आमच्या हिला म्हणाल्या. पार्सल काल सकाळीच यायचे होते. गल्लीतल्या कुत्र्यांनी डिलिव्हरीवाल्याला नाक्यावरच रोखून धरले आहे.