आपलंच काम समजा

सांगलीत जुनं घर पाडायला काढलं की पहिल्या भिंतीचा धुरळा बसायच्या आत दारात कोणीतरी येऊन उभं राहतं. हा माणूस कंत्राटदार नसतो, कंत्राटदाराच्या ओळखीचा असतो. आमच्याकडे असे अकरा जण आले. त्यांत दोन मेहुणे, मी नोकरी केली त्या बँकेतला एक निवृत्त शिपाई आणि आमचा दूधवाला होता. एक गृहस्थ कोण होते ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही, चहा मात्र त्यांनी दोनदा घेतला. वाक्य सगळ्यांचं एकच: "आपला माणूस आहे." आपली माणसं अकरा आणि इमारत एक. तळाला सहा गाळे, वर ऑफिसांसाठी दोन मजले. मजल्याला 1,800 चौरस फूट, तीन मजल्यांचे 5,400. हा गुणाकार मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण पुढच्या चार महिन्यांत तो कोणीही मान्य केला नाही.

याच सुमारास आमच्या मोकळ्या झालेल्या जागेत एक काँक्रीट मिक्सर येऊन उभा राहिला. चौकशी केली तेव्हा कळलं की कुण्या मिस्त्रीचा आहे, दोन दिवसांत नेतो म्हणालाय. मी विषय सोडून दिला.

आमच्या आर्किटेक्ट मॅडम शिस्तीच्या. त्यांनी 96 बाबींचा तक्ता करून दिला. खोदाई इतकी, काँक्रीट इतकं, सळई इतके टन, गिलावा इतके चौरस मीटर, सगळं मोजून मांडलेलं. शेवटचा एक रकाना कोरा होता, दर भरायचा. "सगळे एकाच कागदावर दर भरतील, म्हणजे तुम्हाला शेजारी शेजारी ठेवून बघता येतील," मॅडम म्हणाल्या. त्या पुण्यात शिकल्या आहेत.

अकरा ओळखींतून दर सांगायला कंत्राटदार उरले चार. पहिले आले ते सरकारी कामं करणारे. त्यांनी तक्ता हातात घेतला, वजन करून पाहिल्यासारखा वरखाली केला आणि परत दिला. "15 टक्के बिलो," म्हणाले. सरकारी कामात खात्याची ठरलेली दरसूची असते आणि तिच्यापेक्षा किती टक्के खाली करणार ते सांगायचं असतं, हे मला ठाऊक होतं. पण इथे सूचीच नव्हती. मी विचारलं, कशाच्या 15 टक्के बिलो? ते म्हणाले, "जे काय असेल त्याच्या." मी विचार केला, आणि यात उणं काढायला जागा नव्हती.

दुसरे इंजिनिअर. तरुण, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. त्यांनी आमची इमारत रंगीत दाखवली. समोर झाडं होती, चार मोटारी होत्या, एक बाई कुत्रं फिरवत होती. आमच्या रस्त्यावर कुत्री आपली आपण फिरतात, हे मी बोललो नाही. दर होता चौरस फुटाला 2,150. क्षेत्र मात्र 6,120. मी 5,400 चं सांगितलं तर त्यांनी समजूतदारपणे मान हलवली आणि छज्जे, जिन्याचं डोकं, पाण्याची टाकी, लिफ्टच्या वरची खोली असं एकेक बोटावर मोजून दिलं. ज्या ज्या ठिकाणी स्लॅब पडते, ते ते क्षेत्र. टॅबवरच्या कुत्र्याचं धरलं नव्हतं.

तिसरे मिस्त्री. पन्नाशी उलटलेली, कानाला पेन्सिल. 96 बाबींच्या तक्त्याचा त्यांनी चहाच्या कपाखाली ठेवण्यासाठी उपयोग केला, मग खिशातून एक लग्नपत्रिका काढून तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब मांडला. दर 1,900. ऐकून आमच्या घरात आनंद पसरला. क्षेत्र 6,875. आनंद ओसरला. मी म्हटलं, हे कुठून आलं? ते म्हणाले, "जोतं धरलंय की." मी म्हटलं, जोतं म्हणजे काय मजला आहे का? "मग बिल्डिंग काय हवेत उभी ऱ्हाणार काय साहेब?"

त्या रात्री मी बँकेतली सवय म्हणून हिशोबाला बसलो. 2,150 ने 6,120 चे होतात 1,31,58,000. 1,900 ने 6,875 चे होतात 1,30,62,500. दरात फुटाला 250 चा फरक आणि एकूणात 95,500 चा. अडीचशे रुपयांची स्वस्ताई जोत्यात मुरली होती. चौथ्यांनी 390 सांगितले तेव्हा मी हुरळलो नाही. ते फक्त मजुरीचे होते. हे चौथे मला कधी दिसलेही नाहीत. रोज "उद्या सकाळी दहाला येतो" म्हणायचे, आणि दर पाठवला तोही व्हॉट्सॲपवर आवाजात, मागे ग्राइंडर चालू असताना. तो 390 होता की 690, यावर घरात अजून दोन मतं आहेत.

जीएसटीचा प्रश्न मी सगळ्यांना विचारला. इंजिनिअर म्हणाले, 18 टक्के वेगळे. मिस्त्रींनी जरा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि काळजीच्या सुरात विचारलं, "बिल पायजे काय?" मी वरणभाताच्या ताटावर पिझ्झा मागितला असावा, असा सूर होता.

जोत्याचं प्रकरण इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. सांगलीत जोतं किती उंच घ्यायचं हे नकाशावर ठरत नाही, पुराच्या आठवणीवर ठरतं. 2005 ला आमच्या गल्लीत पाणी आलं नव्हतं, 2019 ला आलं. किती आलं, हे दाखवायला प्रत्येक कंत्राटदार भिंतीला हात लावायचा आणि प्रत्येकाचा हात वेगळ्या जागी लागायचा. सरकारीवाल्यांचा गुडघ्याला, इंजिनिअरांचा कमरेला. ते तेव्हा पुण्यात शिकत होते, पण त्यांनी व्हिडिओ पाहिला होता. मिस्त्रींनी हात लावलाच नाही. म्हणाले, "एकोणीसचं पाणी परत येत नसतंय." 2021 ला पुन्हा पूर आला होता याची मी आठवण दिली. ते म्हणाले, "त्यो वेगळा."

दर फूट उंचीला 1,800 चौरस फुटांच्या जोत्यात 1,800 घनफूट मुरूम जातो, म्हणजे 18 ब्रास. हे सरळ आहे असं मला वाटलं. पण मुरूम ट्रकमध्ये सैल असतो. जोत्यात पाणी मारून रोलर फिरवला की तो बसतो. मग पैसे सैल मुरमाचे द्यायचे की बसलेल्या? सरकारीवाले म्हणाले, बसलेल्याचे, आम्ही तसंच मोजतो. मिस्त्री म्हणाले, ट्रक रिकामा होताना बघायचा आणि वही करायची. इंजिनिअर म्हणाले, ते आमच्या दरातच आहे. कुठल्या दरात, विचारल्यावर त्यांनी टॅब काढला. मी म्हटलं, राहू दे.

खिडक्यांचंही तसंच. नकाशावर गिलाव्याचं मोजमाप चालू असताना माझ्या लक्षात आलं की भिंत मोजताना मिस्त्री चार बाय तीन फुटांची खिडकी एका बाजूने वजा करतात आणि दुसऱ्या बाजूने करत नाहीत. म्हणजे जिथे भोक आहे तिथे गिलावा केल्याचे पैसे. मला वाटलं, सापडला. मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, बरोबर आहे. मोजमापाचं भारतीय मानक आहे, आयएस 1200. त्यात अर्धा चौरस मीटरपर्यंतचं भोक वजाच करत नाहीत. अर्ध्यापासून तीनपर्यंत असेल तर एकाच बाजूचं वजा करतात, कारण भोकाच्या आतल्या कडांना गिलावा करावा लागतो. त्याहून मोठं असलं तरच दोन्ही बाजू जातात. मी फोन ठेवला. मिस्त्रींनी हे मानक वाचलेलं असणं शक्य नव्हतं, पण बारा चौरस फुटांच्या भोकाचं त्यांना तोंडपाठ होतं. माझ्यापुरतं मी एवढंच म्हणेन की चाळीस वर्षं बँकेत खातेदारांना व्याज लावून जे जमलं नाही ते या माणसांनी खिडकीच्या भोकातून करून दाखवलंय.

मग केलेली कामं बघायला जायचं ठरलं. इंजिनिअरांनी मिरज रस्त्याला एक संकुल दाखवलं. ते समोर उभे होते तोवर मालक म्हणाले, उत्तम माणूस, डोळे झाकून द्या. फोन आला म्हणून ते बाहेर गेले तसे मालक माझ्या कानाशी लागले. "द्या, पण जरा थांबा. आमच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग होऊ दे. तुमचं धरलं की आमच्याकडे फिरकणार नाही." मी विचारलं, किती दिवस राहिलंय? ते म्हणाले, "दोन पावसाळे."

मिस्त्रींनी गावभागातली एक जुनी दुमजली इमारत दाखवली. "ही मी केली." मी म्हटलं, तुमचं कंत्राट होतं? "न्हाय. बिगारी होतो तवा. पण केली मीच की, विटा माझ्याच डोक्यावनं गेल्या." मला आवडलं ते. चौघांपैकी हा एकच जण ज्याच्या कामाला त्याचा स्वतःचा हात लागला होता. मग मी काँक्रीटच्या चाचणीचं काढलं. मॅडमनी एम 25 सांगितलंय, 150 मिलिमीटरचे ठोकळे भरून 7 आणि 28 दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून बघायचे, असं त्यांच्या अटीत होतं. मिस्त्रींनी हात झटकला. "क्यूबचं टेन्शनच घेऊ नका साहेब. क्यूब कधी फेल गेला नाय आपला. क्यूबचा माल आपण वेगळा करतो." हे वाक्य मी मॅडमना कळवलेलं नाही.

मुदत सगळ्यांनी आठ महिने सांगितली. आठच का, ते कोणी सांगितलं नाही. बहुधा नऊ ऐकायला बरं वाटत नाही. मी कालनिर्णय घेऊन बसलो. पावसाळा धरायचा नाही, असं इंजिनिअर म्हणाले होते. पितृपंधरवड्यात नवीन काम धरत नाहीत. छठला बिहारची पोरं जातात, होळीला उत्तर प्रदेशची, आणि जातात ती पंधरा दिवसांनी येतात. अमावस्येला स्लॅब टाकत नाहीत. गावची जत्रा असते. निवडणूक लागली तर मजूर सभेला जातात, तिथे जेवण असतं. असं सगळं वजा करून मी आठ महिने भरेपर्यंत पानं उलटत गेलो तर कॅलेंडर संपलं आणि मला पुढच्या वर्षाचं आणायला जावं लागलं.

उशीर झाला तर आठवड्याला अमुक दंड, अशी अट मॅडमनी मसुद्यात घातली होती. इंजिनिअरांनी ती वाचून वकिलांना दाखवतो म्हटलं. मिस्त्रींनी न वाचताच सही केली. यातलं कोणतं जास्त काळजीचं, यावर मी दोन रात्री जागलो.

पैशांच्या टप्प्यांचीही एक गंमत आहे, म्हणजे माझी नव्हे. इंजिनिअरांच्या तक्त्याप्रमाणे करारावर सही करताना 10 टक्के, जोत्याला 20, मग प्रत्येक स्लॅबला 20. तिसरी स्लॅब पडली की 90 टक्के संपले. उरलेल्या 10 टक्क्यांत विटांच्या भिंती, गिलावा, फरशी, नळकाम, वायरिंग, सहा शटर, रंग आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंतचा स्नेह. मी म्हटलं, शेवटी जरा जास्त ठेवू या. ते म्हणाले, "विश्वास नाही का काका?" या प्रश्नाला मराठीत उत्तर नाही.

तर असे चार महिने गेले. मी चारही कागद आर्किटेक्ट मॅडमच्या सांगण्याप्रमाणे शेजारी शेजारी ठेवले होते. एक कागद कोराच होता, एक आवाज होता. निर्णय मी दसऱ्याला घेणार होतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी प्लॉटवर गेलो तर मिक्सरच्या शेजारी सेंटरिंगच्या प्लेटांची थप्पी होती. पलीकडे दोन ब्रास खडी. पत्र्याची एक खोली उभी होती, तिच्यापुढे दोरीवर कपडे वाळत होते आणि एक बाई चुलीवर भाकरी थापत होती. तिचा नवरा म्हणाला, मी वॉचमन. कोणाचा, म्हटलं. "मिस्त्रींचा. हितं काम चालू झालंय नव्हं?" मी घरी आलो. आमची ही म्हणाली, "झालं असेल तर बरंच झालं. मी कालच त्या बाईला चटणी दिली."

दुसऱ्या दिवशी नारळ फोडला. सरकारीवाले पेढे घेऊन आले, इंजिनिअरांनी फोनवर शुभेच्छा दिल्या, चौथ्यांनी उद्या येतो म्हणून सांगितलं. गुरुजी निघून गेल्यावर मिस्त्री माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "साहेब, रेट काय ठरला होता आपला?" मी खिशातून ती लग्नपत्रिका काढून दिली. त्यांनी मागची बाजू वाचली, मान डोलावली, मग पत्रिका उलटी केली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"पुतणीचं हाय. बावीस फेब्रुवारीला. यायचं हं, वहिनींना घेऊन. तो पंधरवडा काम बंदच ऱ्हाणार, तुम्ही मोकळेच हायसा."