पूल आणि पिस्तूल

आमचे शेजारी कोल्हापूरचे. न्यू जर्सीत, एडिसनला येऊन त्यांना बावीस वर्षं झाली, ग्रीन कार्डही जुनं झालं. आवाज मात्र अजून गंगावेशीतलाच. मध्यंतरी आमच्या भागात दोन घरं फुटली. चोरांनी टीव्हीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. देशी माणसाच्या कपाटात पाटल्या आणि तोडे असतात, एवढा अभ्यास त्यांचा झालेला आहे. दुसऱ्या दिवशी शेजारी चहाला आले आणि बशी खाली ठेवून म्हणाले, "पिस्तूल घ्यायचं ठरलं बघा."

मी म्हटलं, "बँकेत लॉकर घ्या."

"लॉकरच घ्यायचा तर कोल्हापूर काय वाईट हुतं?"

त्यांच्या आजोबांची बाराबोअर वाड्यात खुंटीला असायची. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर घरी यायची. त्यामुळे बंदूक म्हणजे कलेक्टर कचेरी, फौजदार आणि तारीख, हे त्यांना बाळपणापासून पाठ. अमेरिकेत मात्र दुकानात जायचं, भाव विचारायचा आणि पिशवीत घालून यायचं, अशी समजूत. शिवाय कुणीतरी सांगितलं होतं की पेनसिल्व्हेनियात परमिटबिरमिट काही लागत नाही. पेनसिल्व्हेनिया म्हणजे काय, डेलावेअर नदी ओलांडली की आलंच.

शनिवारी निघालो. टोल नसलेल्या पुलावरून गेलो, हे मराठी वाचकांना वेगळं सांगायला नको. बरोबर माझा भाचाही होता. तो एच-वन-बी व्हिसावर आहे आणि दुकान आतून कसं दिसतं हे बघायला आला होता.

दुकान डोनटवाल्याच्या शेजारी. काउंटरवरच्या दाढीवाल्यानं शेजाऱ्यांचं लायसन्स उलटसुलट पाहिलं. "जर्सी? पिस्तूल नाही देता येणार."

"तुमच्याकडं परमिट लागत नाही म्हणं?"

"आमच्या लोकांना नाही लागत. तुम्ही पलीकडचे."

1968च्या केंद्रीय कायद्यानुसार पिस्तूल हातात पडतं ते आपल्या राहत्या राज्यातल्या दुकानातूनच. परराज्यात पसंत केलं, तर ते आपल्या राज्यातल्या परवानाधारक दुकानाकडे पाठवायचं आणि सगळे सोपस्कार तिथे करायचे. मुलगी पसंत केली म्हणून लगेच नांदायला नेता येत नाही, तसं. मग दाढीवाला सांत्वनाच्या सुरात म्हणाला, "रायफल बघा हवी तर. तुमच्या राज्याचं कार्ड असेल तर ती देता येईल." 1986 पासून लांब नळीच्या बंदुकीला ही मुभा आहे, दोन्ही राज्यांचे कायदे पाळले म्हणजे झालं. म्हणजे परक्या गावच्या माणसाला हातभर लांब हत्यार चालेल, वीतभर चालणार नाही. शेजाऱ्यांनी रायफल हातात घेऊन पाहिली आणि परत दिली. "ही घेऊन जिना चढताना आमचंच झुंबर फुटायचं."

एवढ्यात भाच्यानं सहज विचारलं, "आणि व्हिसावर असलेल्यांना?" दाढीवाला ठामपणे म्हणाला, "मुळीच नाही." आतून दुसरा ओरडला, "शिकारीचं लायसन्स असेल तर चालतं." दोघांचा वाद झाला, मालकाला फोन गेला आणि मालकानं दुसऱ्याचा निकाल उचलून धरला. खरंच तसं आहे. तात्पुरत्या व्हिसावरच्या पाहुण्याला केंद्राचा कायदा बंदूक बाळगू देत नाही; पण त्याच्याकडे इथलं शिकारीचं वैध लायसन्स असेल तर अपवाद. पाहुणा घराची राखण करणार असेल तर धोका, हरणं मारणार असेल तर बिनधोक. आमचा भाचा घरात पाल निघाली तर पुण्याला आईला फोन लावतो.

दाढीवाल्यानं बंदूक घेताना भरायचा केंद्राचा फॉर्म दाखवला: नंबर 4473. खोटं उत्तर दिलं तर गुन्हा. त्यात गांजाचाही प्रश्न आणि खाली इशारा, की तुमच्या राज्यानं गांजा कायदेशीर केला असला तरी केंद्राच्या लेखी तो गुन्हाच आहे. आमच्या जर्सीत 2022 पासून गांजा दुकानात मिळतो, रीतसर पावतीसकट. राज्यानं पावती द्यायची आणि केंद्रानं ती पुरावा म्हणून बघायची, असा हा संसार.

रविवारी जर्सीतल्या दुकानात गेलो. तिथला माणूस वकिलासारखा बोलत होता. आधी राज्याचं ओळखपत्र. शिवाय प्रत्येक पिस्तुलाला वेगळं परमिट, मुदत नव्वद दिवस. तीस दिवसांत एकच पिस्तूल. बोटांचे ठसे. आणि तुम्हाला ओळखणारे दोन प्रतिष्ठित लोक, नातेवाईक सोडून. इथे शेजारी पहिल्यांदा गप्प झाले. ते तीन वर्षं मराठी मंडळाचे खजिनदार होते. मंडळाचा हिशेब मांडलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलणारे दोन जण शोधायचे म्हणजे काय, हे वाचकांनीच समजून घ्यावं. एक मी झालो. दुसऱ्याचा शोध चालू आहे.

एवढा खटाटोप करून पिस्तूल घेतलं तरी पूल आहेच. 2013 साली फिलाडेल्फियाची एक बाई आपल्या राज्याचा पिस्तुलाचा परवाना घेऊन जर्सीत आली. पोलिसानं गाडी थांबवली, तेव्हा पिस्तूल असल्याचं तिनं आपणहून सांगितलं. पेनसिल्व्हेनियाचा परवाना जर्सीत चालत नाही हे तिला तिथेच कळलं. साडेतीन वर्षांची सक्तीची किमान शिक्षा समोर होती. 2015 मध्ये गव्हर्नर क्रिस ख्रिस्ती यांनी माफी दिली तेव्हा प्रकरण कायमचं मिटलं.

बाकीच्या राज्यांची गत काय सांगावी! कॅलिफोर्नियात पैसे भरून दहा दिवस थांबा. न्यूयॉर्कला 1911 पासून लायसन्सचा कायदा. राजधानी वॉशिंग्टनमध्ये तर पिस्तुलाचा व्यवहार करून देणारा परवानाधारक एकच उरला होता. 2011 मध्ये त्याची जागा गेली, तेव्हा सरकारनं त्याला पोलिसांच्याच इमारतीत खोली दिली. आणि गुन्ह्यातली बंदूक कुणाची हे शोधणारं केंद्राचं कार्यालय वेस्ट व्हर्जिनियात आहे. तिथे बंद पडलेल्या दुकानांच्या कागदांचे खोकेच्या खोके येतात, आणि नाव टाकून शोधता येईल अशी यादी करायला कायद्यानं मनाई. आमच्या तलाठ्याला हे कार्यालय दाखवलं तर त्याच्या डोळ्यांत पाणी येईल.

या घोळाला हसता हसता एका जागी हसू थांबतं. माल देण्याआधी दुकानदार गिऱ्हाइकाच्या चौकशीला सरकारकडे फोन करतो, त्याला तीनपैकी एक उत्तर मिळतं: द्या, थांबा, देऊ नका. 'थांबा'नंतर कामाचे तीन दिवस काहीच कळलं नाही, तर केंद्राच्या कायद्यानुसार दुकानदार माल देऊ शकतो. आपल्याकडे सरकार गप्प म्हणजे काम अडलं. इथे सरकार गप्प म्हणजे पिस्तूल मिळालं. 2015 मध्ये साउथ कॅरोलिनात एका तरुणाची चौकशी अशीच लांबली, कारण त्याच्या अटकेची नोंद नक्की कुठल्या पोलीस ठाण्याकडे आहे यातच गोंधळ झाला. तीन दिवस गेले, पिस्तूल मिळालं आणि चार्ल्सटनच्या चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेली नऊ माणसं गेली. ज्याला पाटल्या सांभाळायच्या आहेत तो दोन प्रतिष्ठित माणसं शोधत हिंडतो, आणि ज्याला अडवायचं असतं तो पोलीस ठाण्यांच्या हद्दीच्या फटीतून निघून जातो.

शनिवारी परतताना शेजारच्या पुलावरची मोठाली लाल अक्षरं दिसली. ट्रेंटन शहराची ती जुनी जाहिरात आहे. भाच्यानं मराठीत करून सांगितली: "ट्रेंटन बनवतं, जग घेतं."

रिकाम्या हातांकडे बघत शेजारी म्हणाले, "घेतलं न्हाई काय, पण बनवलं मात्र झकास."