पंच चुकला, हे सिद्ध करण्याचे शास्त्र
शेणवा नाका व परिसरातील होतकरू क्रीडातज्ज्ञांसाठी

शेणवा नाक्यावर डोळखांबची एसटी येईपर्यंत जो वेळ मिळतो, त्यात जागतिक क्रिकेटचे बहुतेक प्रश्न सुटतात. राहिलेले आसनगाव स्टेशनात, कसारा लोकल चुकल्यावर. एवढी मोठी विद्या, पण ती आजवर तोंडीच चालत आली. कुणी लिहून ठेवली नाही. नव्या पिढीची आबाळ होऊ नये म्हणून हा प्रपंच.

पात्रता : खेळता येण्याची अट नाही. चढाई करून आलेल्याला धाप लागलेली असते, तो काय बोलणार? बांधावर बसलेल्याकडे दम भरपूर असतो.

साहित्य : एक मोबाईल, शिल्लक असेल तेवढा डेटा, एक कटिंग (उधार चालेल) आणि एक विरोधक. विरोधक बाहेरून आणावा लागत नाही. सख्खा भाऊ चेन्नईचा निघतो.

पायरी पहिली : बाजू आधी, सामना नंतर

बाजू विचार करून निवडू नये. ती मोठ्या भावाच्या जुन्या जर्सीबरोबर आपोआप अंगावर येते. २०२३ मध्ये चेन्नईने आयपीएलचे पाचवे विजेतेपद मिळवून मुंबईशी बरोबरी केली, तेव्हा मुंबई की चेन्नई हा वाद एवढ्यात मिटेल अशी भीती बाळगू नये.

अभ्यासासाठी २०१९ चा अंतिम सामना घ्यावा. हैदराबादेत शेवटच्या चेंडूवर चेन्नईला दोन धावा हव्या होत्या. मलिंगाने पायचीत केले आणि मुंबई एका धावेने जिंकली. बाद झाला तो शार्दूल ठाकूर, पालघरजवळच्या माहीमचा. पालघर १ ऑगस्ट २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. मग मुंबई जिंकली म्हणून नाचायचे, की जिल्ह्याचा पोरगा हरला म्हणून गप्प बसायचे? शास्त्र स्पष्ट आहे. त्या रात्रीपुरते जिल्हा विभाजन मान्य करावे. हाच शार्दूल २०२१ मध्ये ब्रिस्बेनला ६७ धावा काढतो, तेव्हा मात्र जुना ठाणे जिल्हा अखंड धरावा.

त्याच सामन्यात धोनी खरोखर धावबाद होता का, हा विषय घरात चेन्नईवाला असेल तर जेवण उरकेपर्यंत काढू नये.

पायरी दुसरी : निकाल बघून नियम ठरवावा

२९ जून २०२४, ब्रिजटाऊन, टी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना. शेवटच्या षटकाचा पहिला चेंडू. दक्षिण आफ्रिकेच्या मिलरने उंच मारला, सूर्यकुमारने सीमेवर पकडला, तोल जातोय म्हणून वर उडवला, बाहेर गेला, आत आला आणि पुन्हा झेलला. भारत सात धावांनी जिंकला. मग परदेशात ओरड सुरू झाली, की सीमारेषेची गादी मूळ जागेवरून मागे सरकलेली होती.

शहापूर-मुरबाडच्या माणसाला हा आरोप समजावून सांगावा लागत नाही. आपला बांध सरकला तर तो पावसाने सरकतो, शेजाऱ्याचा सरकला तर त्याने रात्री कोरलेला असतो. हेच तत्त्व सीमारेषेला लावावे.

२०११ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात वानखेडेवर नाणेफेक दोनदा झाली. गोंगाटात संगकाराचा कौल सामनाधिकारी जेफ क्रो यांना ऐकूच गेला नाही. दुसऱ्या वेळी श्रीलंकेने नाणेफेक जिंकली, पण सामना भारताने सहा गडी राखून जिंकला. म्हणून आज ही गंमत म्हणून सांगतात. हरलो असतो तर तिला घोटाळा म्हणावे लागले असते, आणि नाक्यावर अजून चौकशी चालू असती.

न्यायबुद्धी शाबूत आहे की नाही हे तपासायला परक्यांचा सामना घ्यावा. १४ जुलै २०१९ ला लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंड आणि न्यूझीलंडच्या धावा बरोबर, सुपर ओव्हरही बरोबर. शेवटी चौकार-षटकार मोजले, २६ विरुद्ध १७, आणि चषक इंग्लंडला दिला. चारच दिवस आधी ज्या न्यूझीलंडने आपल्याला उपांत्य फेरीत बाहेर काढले, त्यांच्यासाठी सगळे हळहळले. तो नियम त्याच वर्षी रद्दही झाला. आपली बाजू मैदानात नसली की माणूस किती निःपक्षपाती असतो, याचा हा पुरावा जपून ठेवावा. वापरू नये.

पायरी तिसरी : विजयात वाटा मागावा

कबड्डीत यू मुंबा आणि पुणेरी पलटण हा घरचाच मामला. यू मुंबाने २०१५ मध्ये प्रो कबड्डी जिंकली. भातसा आणि तानसा आपल्या तालुक्यात, पाणी मुंबई पिते. तेव्हा त्या विजेतेपदात शहापूरचा वाटा हक्काने मागावा. यू मुंबा हरली तर पाणी पांजरापूरला शुद्ध करताना बिघडले असे समजावे. २०२४ मध्ये पुणेरी पलटणने हरियाणाला २८-२५ असे हरवून चषक नेला. अशा वेळी आपण मुळात महाराष्ट्राचे, हे आठवावे.

पायरी चौथी : कुस्तीत पाय आवरावा

महाराष्ट्र केसरी हा प्रगत अभ्यासक्रम आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात फुलगावला सिकंदर शेखने शिवराज राक्षेला हरवून गदा घेतली, आणि त्याच महिन्यात धाराशिवला राक्षेने हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा घेतली. संघटना दोन, म्हणून केसरीही दोन. चाहत्याला असे वर्ष सुगीचे. कोणीही हरला तरी आपला केसरी तयार.

२०२५ मध्ये अहिल्यानगरला मात्र विद्यार्थ्यांनी काय करू नये याचे प्रात्यक्षिक झाले. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळविरुद्ध राक्षेला चीतपट ठरवले. पाठ टेकलीच नाही असे त्याचे म्हणणे. रागाच्या भरात त्याने पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. मग अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड गुणावरून नाराज होऊन वेळ शिल्लक असतानाच बाहेर पडला. गदा मोहोळला मिळाली, राक्षे आणि गायकवाड यांना तीन वर्षांची बंदी. पाठ टेकली होती का, यावर चाहता जन्मभर बोलू शकतो. त्याला कुणी बंदी घालत नाही. पैलवानाला ती सोय नाही.

पायरी पाचवी : गावची स्पर्धा

मळणी उरकली की खाचरात रोलर फिरतो आणि टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. इथे आतापर्यंतची विद्या पणाला लागते. चेंडू बांधाच्या अलीकडे पडला की पलीकडे, हे सांगायला बारा कॅमेरे नाहीत. कबड्डीत गड्याने मध्यरेषेला हात लावण्याआधी त्याचा दम सुटला का, हे ऐकायला दोन कान आहेत, आणि त्याच कानांवर भोंग्यातून समालोचकाचा आवाज आदळत असतो. बैलांच्या बिनजोड शर्यतीत निकालावर हुज्जत घालणारे सगळे दोन पायांचे असतात.

म्हणून पंच नेहमी तिसऱ्या गावचा आणावा. किन्हवली खेळत असेल तर सरळगावचा, सरळगाव खेळत असेल तर इकडचा. तरी त्याची मामी कुठली, हे पहिल्या वादग्रस्त निर्णयानंतर पाच मिनिटांत शोधून काढता आले पाहिजे. उत्तीर्ण होण्याची ही किमान अट.

खबरदारी

एक : वाद मैदानाबाहेर नेऊ नये. ज्या गोलंदाजाला रविवारी शिव्या घातल्या, त्याच्याच टेम्पोतून सोमवारी खताच्या गोण्या आणायच्या असतात.

दोन : मोठी माणसे बसली असतील तर आवाज खाली ठेवावा. “नाना, तुमच्या वेळी बरं होतं, कॅमेरेच नव्हते,” एवढे म्हणावे आणि नानांना बोलू द्यावे. वीस मिनिटे निघतात.

तीन : मलिंगा, क्रो, मोहोळ यांच्याबद्दल नाक्यावर काहीही बोलावे, ते ऐकत नाहीत. स्पर्धेचा पंच ऐकतो. तो जेवणावर आणि आल्या-गेल्याच्या पेट्रोलवर दिवसभर उन्हात उभा असतो, एकाच वेळी गोलंदाजाचा पाय आणि फलंदाजाची कड बघतो, आणि संध्याकाळी दोन्ही संघांना तो विकला गेलेला वाटतो.

वरील पाचही पायऱ्या पूर्ण केलेल्या तज्ज्ञांची या परिसरात कमतरता नाही. पंच मात्र मिळत नाहीत. तेव्हा अंतिम परीक्षा अशी : येत्या स्पर्धेत एका सामन्याला शिट्टी घेऊन स्वतः उभे राहावे. नावे आयोजकांकडे आदल्या दिवसापर्यंत द्यावीत. ज्यांचे नाव यादीत नाही, त्यांनी पंच चुकला असे म्हणण्याआधी एकदा यादी वाचावी.