पेट्रोलवॉशचा सुवास

माटुंगा डोळ्यांआधी नाकाला भेटतो. स्टेशनातून बाहेर पडलं की मोगऱ्याचे गजरे, पुढे ताजी दळलेली कॉफी, कुठे डोशावरचं तूप, देवळाच्या वळणावर कापूर. या मानकऱ्यांच्या पंगतीत एक वास मात्र आमंत्रणावाचून येऊन बसतो. लग्नसराईत लॉन्ड्रीच्या अर्धवट उघड्या दारातून येणारा, तापलेली इस्त्री आणि पेट्रोलपंप यांच्या मधला कुठलासा, किंचित गोडसर. आमच्या लहानपणी ड्रायक्लीनिंगला ‘पेट्रोलवॉश’ म्हणत आणि हा वास ऐपतीचा मानला जाई. ज्या काकांच्या सुटाला तो येई ते वरपक्षाचे, हे आम्ही न विचारता ओळखत असू.

लॉन्ड्रीच्या काउंटरवर रेशमी साडीला जेवढं गांभीर्य लाभतं, तेवढं ती नेसणारीला घरात क्वचितच लाभतं. काउंटरमागचे गृहस्थ कांजीवरम हलक्या हातानं उलगडतात, पदरावरच्या सांबाराच्या डागाभोवती खडूनं गोल काढतात, फॉलच्या कडेला नंबराची चिंधी टाचतात आणि पावती फाडतात. पावतीच्या पाठीवर बारीक अक्षरांत त्यांनी हात आधीच झटकलेले असतात. रंग गेला, जर काळी पडली, बटण हरवलं, तर जबाबदारी गिऱ्हाइकाची. श्वासाबद्दल मात्र पावती अवाक्षर काढत नाही.

खरं तर काढायला हवं. पाणी न सोसणाऱ्या कपड्यांना ज्या द्रवांत न्हाऊ घालतात, त्यांतला जगभर गाजलेला म्हणजे परक्लोरोएथिलीन, धंद्याच्या भाषेत ‘पर्क’. मायकेल फॅरेडेनं तो 1821 साली तयार केला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या थॉमस जेनिंग्ज या कृष्णवर्णीय शिंप्याला कपडे साफ करण्याच्या आपल्या पद्धतीचं पेटंट मिळालं. पुढे 1836 साली पेटंट कार्यालयाला लागलेल्या आगीत त्या पेटंटचे कागद जळाले, त्यामुळे जेनिंग्ज नेमकं काय वापरत होता ते त्याच्याबरोबरच गेलं. पर्क या धंद्यात उतरला तो विसाव्या शतकात. आग धरत नाही, तेलाचे डाग लीलया सोडवतो, असा हा गुणी द्रव. पण श्वासावाटे आत शिरला की डोकं जड करतो, आणि वर्षानुवर्षं शिरत राहिला तर यकृताला नि मूत्रपिंडाला छळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1995 साली त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवलं. जमिनीत मुरला तर पाण्याहून जड असल्यामुळे भूजलात खोल उतरून मुक्काम ठोकतो. परदेशात अशा दुकानांच्या वरच्या बिऱ्हाडांत लोण्यामध्येही तो सापडला. भाडं न देणाऱ्या पोटभाडेकरूसारखा मुकाट्यानं जिना चढून आलेला. कुणाच्या कोटाचा डाग निघावा आणि तो कुणाच्या न्याहारीत उतरावा! शेवटी डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेनं त्याला ड्रायक्लीनिंगमधून दहा वर्षांत हद्दपार करण्याचा नियम केला.

आपल्याकडच्या लहान दुकानांत पुष्कळदा पर्क नसतो, ‘एमटीओ’ असतं, म्हणजे खनिज टर्पेंटाइन. त्याची वाफ डोक्यात जाते आणि ते पेटही घेतं. मौज अशी की याच माटुंग्यातल्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, 1933 सालच्या स्थापनेपासून कापडाचं रसायनशास्त्र शिकवलं जातं. गल्लीतल्या यंत्राशी उभा असलेला पोरगा मात्र नाकाला रुमाल बांधून त्याच शास्त्राशी झुंजतो. रुमालानं धूळ अडते, वाफ अडत नाही. आपण तो वास लग्नाच्या हॉलमध्ये दोन तास मिरवतो, त्याला तो दिवसभर पुरतो.

शेजारच्या मामींचा या पेट्रोलविद्येवर कधीच विश्वास नव्हता. लग्नाहून आल्या की साडी रात्रभर गॅलरीतल्या दोरीवर टाकायच्या. सकाळी जर आतल्या बाजूला घेऊन घडी घालायची आणि जुन्या धुवट वेष्टीत, म्हणजे धोतरात, गुंडाळून कपाटात ठेवायची. डाग पडलाच तर डागापुरतं रिठ्याचं पाणी, तेही आधी साडीच्या आतल्या टोकाला लावून पाहिलेलं. आमच्या आजीचंही मत असंच, की रेशमाला वारा लागला म्हणजे ते सोवळं झालं. कमी धुवा, जास्त वारा द्या, हे आज तज्ज्ञ सांगतात. त्या दोघी ते शिस्त म्हणून पाळत होत्या. मामींच्या साड्यांना वास यायचा तो चंदनाचा.

तेव्हा वाचकहो, लॉन्ड्रीतून कपडा आला की त्यावरची प्लास्टिकची पिशवी तिथल्या तिथे काढा, दिवसभर बाल्कनीत वाऱ्यावर टांगा आणि मगच कपाटात ठेवा. वास फारच येत असेल तर पुन्हा सुकवायला परत द्या. एकदा नेसलेल्या साडीवर डाग नसेल तर लॉन्ड्रीची पायरी चढूच नका. आणि काउंटरमागच्या त्या गृहस्थांनी यंत्राच्या खोलीत वाफ ओढून घेणारा पंखा बसवला आणि त्यापायी दर थोडा वाढवला, तर घासाघीस करू नका. तो पोरगाही कुणाच्या तरी लग्नाला जायचा असतो.