नऊ किलोंची गोधडी

वजन हा प्रकार शाळेच्या पुस्तकात एक असतो आणि कुरिअरच्या काउंटरवर दुसरा. आमच्या सासूबाईंनी शिवलेली गोधडी घरच्या काट्यावर अडीच किलो भरते. काउंटरवरचा मुलगा खोक्याला टेप लावतो, 45 गुणिले 40 गुणिले 25 करतो, त्याला 5000 ने भागतो आणि म्हणतो, "काकू, नऊ किलो." जागा व्यापली तेवढं वजन धरायचं, असा या लोकांचा हिशेब. गोधडी पोटात हवा धरून ठेवते म्हणून तर ऊब देते. त्या हवेचंही भाडं आपणच भरायचं.

म्हणून आमच्याकडे पाठवणी करण्याआधी गोधडीवर बसायची पद्धत पडली आहे. आधी मी बसते, मग आमचे हे बसतात. या धंद्यातला त्यांचा सर्वांत भरीव वाटा तोच. ते पेपर वाचत बसतात तोवर मी कडेनं चिकटपट्टी मारून घेते. खोक्याची उंची 25 वरून 15 वर आली की गोधडी 5.4 किलोंची होते. इतक्या झटपट वजन उतरलेलं आमच्या घरात दुसरं कोणी नाही.

धंदा सासूबाईंचा, दुकान माझं आणि खातं लेकीनं उघडून दिलेलं. सासूबाई आयुष्यभर गोधड्या आणि दुपटी शिवत आल्या आहेत, पण विकण्यासाठी नाही. कुणाला दिवस गेले की यांची ट्रंक उघडायची. दुपट्याला नवं कापड त्यांना मुळीच चालत नाही. धुऊन धुऊन मऊ पडलेलं सुती लुगडंच हवं. चार पदर एकावर एक घालायचे, जमिनीवर ताणून बसवायचे आणि कडेपासून धावदोरा घालत चौकोनात आत आत सरकायचं, म्हणजे चोळ पडत नाही. मधे कुठे दोऱ्याचा रंग बदललेला दिसला तर ती कलाकुसर समजू नये. तिथं पांढरी रीळ संपलेली असते.

बायका यायच्या, दुपटं घेऊन जायच्या आणि बदल्यात ओटी भरायच्या, फार तर हातावर पन्नासाची नोट ठेवायच्या. सासूबाई ती "कशाला, कशाला" म्हणत परत करायच्या. आता तेच दुपटं न्यू जर्सीतली कोणी अनोळखी बाई पूर्ण किमतीला, घासाघीस न करता विकत घेते. सासूबाईंना याचा आनंद होतो, पण थोडी शरमही वाटते. शेजारी कुणी किंमत विचारली की त्या माझ्याकडे बोट दाखवतात. "ते हिचं खातं आहे बाई, मला नाही माहीत." मग शेजारीण माझ्याकडे वळते. "दोन जुन्या साड्यांचे अडीच हजार?" एवढे टाके कोणी घातले, हा प्रश्न गेल्या कित्येक पिढ्यांत कुणाला पडलेला नाही. मला तरी दुकान मांडण्याआधी कुठे पडला होता?

लेकीनं आधी एट्सीची माहिती वाचून दाखवली. 2005 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सुरू झालेला हा बाजार. तिथं विकायला एक तर वस्तू हाताने केलेली हवी, नाही तर वीस वर्षांहून जुनी हवी, नाही तर हस्तकलेला लागणारं सामान हवं. आमची पंचाईत अशी, की कापड वीस वर्षांहून जुनं आणि शिवण गेल्या आठवड्यातली. लेकीनं "हाताने केलेली" वर टिचकी मारली. सासूबाई म्हणाल्या, "पायानं केलेल्याचा वेगळा खण असतो का गं?" पायमशीनवर शिवलेल्या गोधडीबद्दल त्यांची मतं तीव्र आहेत.

तिथं एक वस्तू मांडायचे वीस सेंट, आणि ती चार महिन्यांत खपली नाही तर पुन्हा वीस सेंट. विकली गेली की किमतीवर साडेसहा टक्के, आणि ते पोस्टेज धरून. म्हणजे त्या कोंबलेल्या हवेवरही साडेसहा टक्के. पूर्वी हे पाच टक्के होते. एप्रिल 2022 मध्ये वाढले, तेव्हा देशोदेशींच्या विक्रेत्यांनी आठवडाभर दुकानं बंद ठेवून संप केला.

"मग, उतरवले का टक्के?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

त्यांचे थोरले भाऊ परळच्या गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर ते साताऱ्याला परतले ते कायमचेच. सासूबाईंनी मान हलवली आणि सुईत दोरा ओवला.

आपल्याकडच्या बाजारांची तऱ्हा वेगळी. 1 ऑक्टोबर 2023 पर्यंत ऑनलाइन एक रुमाल विकायचा तरी जीएसटी नंबर सक्तीचा होता. त्या तारखेपासून लहान विक्रेत्याला साध्या नावनोंदणीवर विकता येतं, मात्र आपल्या राज्याच्या हद्दीतच. म्हणजे आमची गोधडी पार गडचिरोलीपर्यंत जाऊ शकत होती, पण बेळगावला नाही. बेळगावच्या मावशींना हे फोनवर समजावून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, सीमाप्रश्न आता पांघरुणापर्यंत आला की काय?" शेवटी नंबर घेतला. गादी, उशी, रजई यांच्या 9404 या रकान्यात सासूबाई जाऊन बसल्या.

मग फोटो. एका बाजारात पहिला फोटो शुभ्र पांढऱ्या पार्श्वभूमीवरच लागतो. मी गच्चीवर पांढरी चादर अंथरून त्यावर गोधडी ठेवली. सासूबाई जिन्यातूनच ओरडल्या, "उचल आधी ते! मयत झाल्यासारखं दिसतंय." तेव्हापासून फोटो काढायचा असला की मी त्यांना देवळात पाठवते.

पण खरी गंमत गिऱ्हाइकांची. एकीनं लिहिलं, फोटोतली फार आवडली, अगदी तश्शीच दोन पाठवा. आता तिच्यातलं हिरवं इरकली लुगडं माझ्या आजेसासूबाईंचं होतं. आजेसासूबाई एक, लुगडं एक. दुसऱ्या एका बाईंनी पाचपैकी तीन तारे दिले आणि खाली लिहिलं, "टाके एकसारखे नाहीत." मी ते वाचून दाखवायला नको होतं, पण दाखवलं. सासूबाईंनी चष्मा पुसला. "मग मशीनची घे म्हणावं. स्वस्त पडेल." आणि लगेच, "कुठल्या कोपऱ्यातले म्हणते?"

मला त्या बाईंचा राग नाही. त्यांना हाताचं हवं आहे ते मनापासून. फक्त हात थकतो, मधे दूध उतू जातं, संध्याकाळी दिसायला कमी लागतं, हे त्या कापडावर उमटलेलं नको आहे. बाजारालाही तेच नको असतं. चोवीस तासांत उत्तर द्या, सांगितल्या दिवशी माल पाठवा, साठा किती ते आकड्यात भरा. साठ्याच्या चौकटीत मी नेहमी "1" भरते. मग स्क्रीनवर लाल अक्षरांत सूचना येते, की साठा संपत आला आहे. हे त्या यंत्राला आमच्या ट्रंकेबद्दल माझ्याआधी कळलेलं असतं.

शिवाय प्रत्येक वस्तूमागे गोष्ट लागते. नुसती गोधडी खपत नाही. लेकीनं फोन स्पीकरवर ठेवून विचारलं, "आजी, ही गोधडी शिवताना तुझ्या मनात काय होतं?"

"काही नाही. हात रिकामे होते."

"तसं नाही गं. काही तरी आठवण, भावना..."

"मान दुखत होती."

शेवटी लेकीनंच पिढ्या, माया, सह्याद्रीचा गारठा वगैरे घालून परिच्छेद पाडला. तो आम्हाला कुणालाच पटला नाही. त्या आठवड्यात दोन गोधड्या गेल्या.

परदेशची दुपटी ऑगस्ट 2025 पासून अडली. अमेरिकेनं 800 डॉलरच्या आतल्या पार्सलांची जकातमाफी काढून घेतली आणि त्या गोंधळात आपल्या टपालखात्यानं तिकडची पार्सलं घेणंच थांबवलं, ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. बाळं काही तोवर थांबत नाहीत. पण साताऱ्यासारख्या गावात एक जुनी वाहतूकव्यवस्था आहे: लेकीच्या, सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या आज्या. मेतकूट, डिंकाचे लाडू आणि त्यांच्यामधे फुटू नये म्हणून कोंबलेलं दुपटं. इथं हवेचं वजन कोणी मोजत नाही. ट्रॅकिंग नंबरही लागत नाही. आजी उतरल्या की फोन येतो, आणि त्यात विमानातल्या जेवणाचाही अहवाल मिळतो.

सगळ्यांत मोठी अडचण मात्र कच्च्या मालाची. नऊवारी नेसणाऱ्या बायका कमी होत चालल्या. एका नऊवारीत आठ मीटरच्या वर कापड, त्यात दोन दुपटी आरामात बसतात. पाचवारी मिळतात, पण त्या सगळ्या पॉलिएस्टरच्या. सासूबाई हात लावून बाजूला सारतात. "याच्यात बाळ घामेजेल." त्यामुळे आम्ही आता बोहारणीच्या वाटेकडे डोळे लावून असतो. पूर्वी ती दारात बसून माझ्या साड्या निरखायची, नाकं मुरडायची आणि चार साड्यांवर एक पातेलं द्यायची. आता तिच्या गाठोड्यातली सुती लुगडी आम्ही निवडतो आणि नाकं मुरडायचं काम माझ्याकडे आलं आहे.

परवा एका विटक्या लुगड्याला मी दीडशे सांगितले. तिनं कमरेचा मोबाइल काढला, नातवानं शोधून दिलेलं पान उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. आमचंच दुकान. "अडीच हजार लिवलंय. आन् मला दीडशे?"

मी कुरिअरचं सांगितलं, टक्के सांगितले, नऊ किलोंचंही सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. सासूबाई आतून म्हणाल्या, "दे गं तिला तीनशे. उन्हातान्हाची दारोदार हिंडते." तीनशेला सौदा ठरला. मग तिनं लेकीचा तो परिच्छेद नातवाकडून वाचून घेतल्याचं सांगितलं. "म्हातारीचं नाव हाय, तुमचं हाय. लुगडं हुडकून कोण आणतंय ते न्हाई त्यात."

सासूबाई दोरा तोडत बाहेर आल्या. "खरं आहे तिचं. घाल तिचंही नाव. फोटो पण लाव."

बोहारीण पदर सारखा करून बसली. मी फोन उचलला, तशी तिनं हात आडवा धरला.

"फोटूचं येगळं व्हतील."