नासण्याचे उपकार

फणस एका घरात संपत नाही, यामागे निसर्गाची काहीतरी सामाजिक योजना असावी. दहा-बारा किलोंचं ते धूड घरात आलं, हाताला तेल लावून, खाली वर्तमानपत्र पसरून फोडलं, की गरे सोडवता सोडवता घरातला प्रत्येक जण मनातल्या मनात शेजाऱ्यांची यादी करू लागतो. तोवर वासानं स्वतःच जिना चढून-उतरून सगळीकडे वर्दी दिलेली असते. आपल्या शेजारधर्माची थोरवी पुष्कळांनी गायली आहे. त्यातला निम्मा वाटा ‘उद्या हे खराब होईल’ या धास्तीचा आहे, हे मात्र कुणी लिहीत नाही. अळूच्या वड्यांचा एक उंडा जास्त झाला, गावाहून शेवग्याच्या शेंगांची मोळी आली, दूध नासलं म्हणून कलाकंद केला, की वाटी निघाली समोरच्या घरी. वाटी रिकामी परत करायची नाही हा आपला अलिखित कायदा, त्यामुळे चार दिवसांनी ती लिंबाचं लोणचं घेऊन परत. बॅक्टेरियांच्या भीतीवर चाललेली ही अर्थव्यवस्था पिढ्यान् पिढ्या बिनतक्रार चालली होती.

तिच्यात आमच्या घरी व्हॅक्यूमचं यंत्र आलं.

बाजारात दोन-तीन हजारांत मिळतं ते चिमुकलं यंत्र नव्हे. ते पिशवीच्या तोंडाला लागून हवा ओढतं. चिवड्यापुरतं ठीक, पण पिशवीत रस्सा असला तर हवेबरोबर रस्साही पितं आणि आजारी पडतं. आमचं चेंबरवालं. स्टीलची पेटी, वर जाड पारदर्शक झाकण, आत पिशवीचं तोंड चिकटवणारी २६० मिलिमीटरची पट्टी, पोटात तेलाचा पंप आणि एकूण वजन तीस किलोंच्या पुढे. घेऊन आलेल्या मुलानं ते धापा टाकत ओट्यावर ठेवलं आणि विचारलं, “काकू, यात काय बनतं?” “पोकळी,” असं खरं उत्तर होतं. पण पोकळी घरपोच आणायला माणूस एवढा घामाघूम झालेला बघून मी त्याला आधी पाणी दिलं.

खरेदीमागे अर्थातच हिशेब होता. तो आमच्या ह्यांनी वहीत मांडला होता. मोसमात मटार घ्यायचा, उन्हाळ्यात आमरस भरून ठेवायचा, गोडा मसाला वर्षाचा करायचा, नारळ एकदम खवून ठेवायचे; वाया जाणं बंद. सासूबाईंनी वही शांतपणे वाचली, किमतीचा आकडा पुन्हा एकदा वाचला आणि म्हणाल्या, “एवढ्यात दुसरा फ्रिज आला असता. तो निदान गार तरी करतो.”

यंत्राचं काम मात्र बघत राहावं असं आहे. भरलेली पिशवी अख्खीच्या अख्खी पेटीत आडवी ठेवायची, तिचं तोंड पट्टीवर घ्यायचं आणि झाकण दाबायचं. पंप पिशवीतली नव्हे, साऱ्या पेटीतली हवा काढू लागतो. आतबाहेर दाब सारखाच उतरत जातो, म्हणून रस्सा जागचा हलत नाही. उलट पिशवी थोडी फुगते. हवा पुरेशी निघाली की पट्टी तापते, तोंड चिकटतं, आणि मग पेटीत बाहेरची हवा सोडली जाते. त्या क्षणी पिशवी आतल्या जिनसेला अशी बिलगते की प्रत्येक मटार मोजून घ्यावा. ही ताकद पंपाची नाही, आपल्या डोक्यावर कायम असलेल्या हवेची आहे. दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एक किलो. फूटभर लांब, फूटभर रुंद झाकणावर पोकळी असताना सुमारे नऊशे किलोंचा भार असतो. मग ते हातानं उचलेल कसं? १६५०च्या दशकात जर्मनीत माग्डेबुर्गचा महापौर ओटो फॉन गेरिके यानं तांब्याचे दोन अर्धगोल जुळवून आतली हवा उपसली आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपून ते ओढायला लावले. घोडे थकले, गोल सुटेनात. आमच्या घरी घोडे नाहीत, पण नातू येतो. ‘झाकण उघडून दाखव’ म्हटलं की अर्धा तास तरी इतर काही मोडत नाही.

पहिल्या आठवड्यात सासूबाईंचा यंत्राविषयीचा अविश्वास एकदम भक्तीकडे झुकला, त्याचं कारण आमटी. ओट्यावर निवलेली, हाताला गार लागणारी आमटी पिशवीत भरून पेटीत ठेवली, आणि झाकणाखाली ती खदखदा उकळायला लागली. ना गॅस, ना वाफेचा चटका. दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळतं. वातावरणाच्या दाबाचा साधारण चोविसावा हिस्सा उरला की ३० अंशांवरसुद्धा. महाबळेश्वरला डाळ शिजायला वेळ का लागतो, त्याचंच हे टोकाचं रूप. हे सगळं मी सांगेपर्यंत सासूबाईंनी नमस्कार करून घेतला होता. त्या दिवसापासून ओले पदार्थ आधी फ्रिजमध्ये कडक गार करून मगच पेटीत जातात. नाहीतर ती वाफ पंपाच्या तेलात मिसळते, तेल दुधी होतं आणि बदलावं लागतं.

मग पिशव्या. बाहेरून गुळगुळीत; नायलॉनचा थर हवा अडवायला आणि पॉलिथिनचा थर वितळून चिकटायला. जाडी ७०-८० मायक्रॉन. छोट्या यंत्राला लागतात त्या खडबडीत महागड्या पिशव्यांपेक्षा या स्वस्त, म्हणून शेकड्यानं घेतल्या. पण ज्या घरात दुधाची पिशवी धुऊन, ओट्यामागच्या टाइलवर चिकटवून, वाळवून, रद्दीवाल्याला वजनावर देतात, त्या घरात इतकी दणकट पिशवी एकदा वापरून टाकायची म्हणजे पाप. सासूबाईंनी नियम घालून दिला. पिशवी अगदी कडेला कापायची, धुवायची, दोरीवर चिमट्यानं टांगायची. त्यामुळे प्रत्येक पिशवी दर वापराला बोटभर आखूड होत जाते. पहिल्या जन्मी ती पुरणपोळ्यांची चळत सांभाळते, मग खोवलेला नारळ, मग काजू, आणि शेवटी वेलदोडे. मासळीच्या पिशवीला मात्र पुनर्जन्म नाही. तिथे आरोग्यशास्त्र आणि शुद्धाशुद्ध यांचं आमच्या घरात प्रथमच एकमत झालं.

कशाला ही पोकळी मानवते आणि कशाला नाही, हेही हळूहळू कळत गेलं. मसाल्याचा वास टिकतो, शेंगदाणे खवट होत नाहीत, रव्यात किडे होत नाहीत, फ्रीझरमध्ये आमरसाचा रंग उतरत नाही. चकलीचं मात्र पीठ होतं. पोह्याच्या पापडांची काय अवस्था होते ती पाहवत नाही. उकडीचे मोदक आधी उघडेच गोठवून दगड करावे लागतात, नाहीतर कळ्यांसकट त्यांची थालीपिठं होतात. कोबी आणि फ्लॉवर कच्चे भरले तर स्वतःचा वायू सोडून पिशवी पुन्हा फुगवून दाखवतात. आणि लसूण, अळंबी, शिजवलेली भाजी यांना हवाबंद करून फडताळात ठेवायचं नाही, हा नियम तर पाटीवर लिहून लावण्याच्या तोलाचा. हवा काढली म्हणजे जंतू मेले असं होत नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूला हवा नसलेलीच जागा आवडते, आणि त्याचं विष वास-चव न देताही अन्नात असू शकतं. म्हणजे यंत्र आलं तरी फ्रिज सुटत नाही. हे ऐकून सासूबाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत. तेवढं पुरलं.

बोलल्या त्या वेगळ्याच विषयावर. त्यांचं माहेर सांगलीजवळचं हरिपूर. “यात नवीन ते काय? आमच्याकडे अख्खं गाव हेच करायचं,” असं म्हणून त्यांनी पेवांची गोष्ट सुरू केली. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावात जमिनीत पेवं खणून त्यात हळद साठवत. वरून अरुंद तोंड, खाली प्रशस्त पोट. हळद भरली, तोंड बंद करून वर माती टाकली, की आत कोंडलेल्या हवेतला प्राणवायू संपत जातो आणि कीड जगत नाही. हळद वर्षानुवर्षं टिकायची. ना पंप, ना वीज. २००५च्या महापुराचं पाणी पेवांत शिरलं आणि पुष्कळ हळदीचा चिखल झाला, तेव्हा आमच्या घरी सुतक असल्यासारखं वातावरण होतं. “पण पेव उघडायची एक रीत होती,” त्या म्हणाल्या. “तोंड मोकळं करून तासन् तास तसंच ठेवायचं. मग कंदील सोडायचा. विझला तर खाली कुणी उतरायचं नाही. आणि उतरणारा कधी एकटा नसायचा. वर चार माणसं लागायचीच. एकट्यानं पेव उघडायला जाणारा वर यायचा नाही, अगं.”

त्या वेळी मी ते इतिहास म्हणून ऐकलं. ते आमच्याविषयी होतं, हे कळायला फणसाचा मोसम यावा लागला.

कारण एव्हाना घरात एक विचित्र शांतता नांदू लागली होती. पूर्वी ‘आज काय करू?’ या प्रश्नाचं उत्तर भाजीच्या टोपलीत तयार असायचं. जी पालेभाजी मान टाकून पडली आहे, ती आज. अर्धी काकडी उरली आहे, म्हणून कोशिंबीर. नासणं हाच घराचा खरा आचारी होता, आम्ही त्याच्या हाताखाली चिरायला. आता सगळंच सहा महिने थांबायला तयार. जे कधीही खाता येतं ते कुणीच कधी खाईना. फ्रीझरमध्ये पारदर्शक पाकिटांच्या उभ्या रांगा, प्रत्येकावर तारीख. आणि जेवायला पिठलं, कारण बाकीचं ‘टिकतंय की’.

त्यातून वाट्यांचं येणं-जाणं थांबलं. आम्ही कंजूष झालो असं कुणी म्हणालं असतं तर आम्ही भांडलो असतो. देण्यासारखं काही उरतच नव्हतं, एवढंच. जास्तीचं झालं की पेटीत. फणस आला, गरे सोडवले, पाव-पाव किलोची पाकिटं झाली, आणि जिन्यात गेलेल्या वासाचं आमंत्रण आम्ही पाळलं नाही. समोरच्या काकूंची एक स्टीलची वाटी आणि वरच्या वहिनींचा डबा आमच्या मांडणीत अडकून पडले होते. रिकामे देता येत नव्हते, भरायला काही खराब होत नव्हतं. काकू एकदा दारात उभ्या राहून म्हणाल्या, “यंदा फणस आणला नाही वाटतं?” आणि आमच्या फ्रीझरनं नेमका तेव्हाच घुर्रर्र केलं.

सुटका झाली तीही काकूंमुळेच. त्यांची लेक जर्मनीत. पुण्यात परदेशी जाणाऱ्यांसाठी लाडू-चिवडा, मसाले, लोणची व्हॅक्यूम पॅक करून देणारी दुकानं आहेत, पण घरचं लोणचं घेऊन रांगेत उभं राहायचं त्यांच्या गुडघ्यांनी नाकारलं. त्यांनी संकोचत विचारलं. लोणच्याचं तेल सुटकेसभर होणं ही मराठी माणसाच्या परदेशगमनातली जुनी दुःखकथा आहे, आणि तिच्यावर चेंबरच्या यंत्राइतका खात्रीचा उतारा नाही. लोणचं, मेतकूट, डिंकाचे लाडू, गोडा मसाला; सगळं पेटीतून निघालं. काम होईपर्यंत काकू बसल्या, चहा झाला, जर्मनीतल्या जावयाचं स्वयंपाकातलं कौशल्य चर्चेला आलं. निघताना लाडवांपैकी चार त्यांनी ताटलीत ठेवलेच.

मग बातमी पसरली. वहिनींच्या मुलाचं अमेरिकेचं कॉलेज, तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचं नातीसाठीचं थालीपिठाच्या भाजणीचं पीठ, कुणाचे सांडगे, कुणाची चटणी. पूर्वी डबे घेऊन गिरणीवर नंबर लावायचे, तशी आमच्या ओट्याशी रविवारी गर्दी होऊ लागली. कुणाच्या मसाल्यात दगडफूल जास्त, कुणाकडे लाडवाला पाक एकतारी, ही आजवरची गुपितं पारदर्शक पिशव्यांतून सर्वांसमोर आली. चार माणसं पेटीभोवती वाकून पिशवी बिलगायची वाट बघत उभी राहतात. सासूबाई खुर्चीवर बसून कुठली पिशवी किती वेळा वापरायची त्याचे निकाल देतात. मांडणीतली वाटी आणि डबा केव्हाच परत गेले, भरून.

आता सोसायटीच्या बैठकीत एक सूचना आली आहे. पंपाचं तेल बदलायला खर्च येतो, वीज लागते, एका घरावर भार नको. तर हे यंत्र तळमजल्यावरच्या हॉलमध्ये ठेवावं, वेळा ठरवाव्यात, नोंदवही ठेवावी, खर्च मेंटेनन्समध्ये धरावा. सूचना अत्यंत समंजस आहे. ह्यांनी तर वहीत हिशेबही मांडला. सासूबाईंनी तो वाचला आणि वही मिटून ह्यांच्या हातात दिली.

“तेलाचे पैसे मी माझ्या पेन्शनीतून देते,” त्या म्हणाल्या. “हॉलमध्ये ठेवलंत तर पाकिटं होतील रे. पण मग माझ्याकडे कोण येईल?”

ठराव बारगळला. पुढच्या रविवारसाठी नंबर लावणं चालू आहे.