४४ ब्रास वाळूचे कंत्राटदार यांस

श्री. कंत्राटदारसाहेब,


कॉलनीच्या मैदानावर बीच व्हॉलीबॉलचं कोर्ट करायचं ठरलं, तेव्हा आमच्याच चहाचा घोट घेत तुम्ही म्हणाला होतात, "वाळू ती वाळू, त्यात काय एवढं?" हे पत्र त्या वाक्याच्या सन्मानार्थ.

कोर्ट १६ बाय ८ मीटर, चहूबाजूंनी किमान ३ मीटर मोकळी जागा, वाळूची खोली निदान ४० सेंटिमीटर. तुमच्या भाषेत साधारण ४४ ब्रास. बिलात ४४ पुरेपूर आहेत. परवा मधोमध पहार मारली, तर वीतभरावर मुरूम लागला. बाकीचे डंपर बहुधा अजून घाटात अडकले असतील.

आता मालाविषयी. आम्ही मागितली होती धुतलेली, धारा झिजलेल्या दाण्याची, खडे नसलेली वाळू. तुम्ही पाठवलीत काळ्या दगडाची क्रश सँड, पावडरीसकट. स्लॅबला ती झकास, वादच नाही. कोनेदार दाणे एकमेकांत रुततात, पावडर फटी भरते, म्हणून तर इमारती उभ्या राहतात. आमच्या कोर्टानेही तेच केलं. एक पाऊस झाला, दोन दिवस ऊन पडलं, आणि पोरं बघतात तर कोबा! घोटून दिला असतात तर लग्नाच्या पंगतीही उठल्या असत्या.

त्या कोब्यावर शेजारची नववीतली पोर चेंडूसाठी झेपावली. वाळूत माणूस हातभर घसरत जातो. ही जागच्या जागी थांबली, कोपराची कातडी तेवढी पुढे गेली. तिच्या आईने चिमट्याने सात खडे काढले. ते काडेपेटीत जपून ठेवलेत, तुमच्या बिलाला नमुना म्हणून जोडतो.

मूठभर माल बरणीत पाणी घालून हलवलाही. धुतलेल्या वाळूवरचं पाणी लवकर नितळतं. तुमचं दुसऱ्या सकाळीही भांडी विसळल्यासारखं.

२०१२च्या ऑलिम्पिकला लंडनवाल्यांनी हॉर्स गार्ड्स परेडवर, राणीच्या सैनिकांच्या संचलनाच्या मैदानात, कोर्ट मांडलं. वाळू आणली सरे परगण्यातून. तीही खाणीतलीच बरं का, फक्त दाणा पारखून घेतलेली. तुमचा नंबर त्यांना मिळाला नाही, नशीब त्यांचं.

शेवटचा हप्ता न्यायला रविवारी याच. येताना हाफ पँट आणा. चेक तयार आहे. मी तो नेटपलीकडे, जमिनीपासून वीतभर उंच धरून उभा असेन. डाइव्ह मारल्याशिवाय हाती लागणार नाही, अशा बेताने.

आपला,
कॉलनीचा खजिनदार
(हल्ली मलमपट्टीचीही बिलं माझ्याकडेच येतात)